बारा नंबरची परात

२००१ साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो. आमच्या येरवड्यातले माझ्या वयाचे निम्मे लोक तेव्हा कंपन्यांतून व्हीआरएस घेऊन घरी बसले होते आणि सकाळपासून सरकारला शिव्या देत होते. मी मात्र त्या वर्षी कोरेगाव पार्कातल्या एका इटालियन हॉटेलात कामाला लागलो. त्या हॉटेलात मी पुढे बरीच वर्षं काढली, पण हॉलमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर, जेमतेम आठ महिने होतो. हॉल माझ्या हातून कसा गेला, तेवढंच लिहितो. माझा जन्म कुठे झाला आणि लग्न कधी झालं, यात कुणाला रस असायचं कारण नाही.

शाळा मी चौथीत सोडली. ज्यांनी हे लिहायला सांगितलं, त्या दिवाळी अंकाच्या बाईंना ते आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, जसं बोलता तसं लिहा. तसं लिहितोय.

इटालियन हॉटेलाआधी तीसेक वर्षं मी पेठेतल्या एका थाळीच्या खानावळीत वाढपी होतो. वाढपी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, कारण आता सगळीकडे वेटर असतात. वेटर गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकतो आणि आणून देतो. वाढप्याकडे कुणी काही मागत नाही. त्याच्या एका हातात भाजीचं भांडं, दुसऱ्या हातात डाव, आणि तो ओळीने फिरत असतो. जिथे पान रिकामं दिसेल तिथे वाढायचं आणि पुढे जायचं. ‘हवं का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की आपला माणूस ‘नको’ म्हणतो. पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणतो. आईने तसंच शिकवलेलं असतं. म्हणून तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. माणूस पानावर हात आडवा धरतो. बोटं फाकलेली असली तर बोटांच्या बाजूने वाढायचं. बोटं जुळलेली असली आणि तळवा पार खाली आला असला, तर खरंच नको आहे, पुढे सरका. आणि वाढप्याच्या भांड्यातलं अन्न कुणाच्या नावाचं नसतं. ज्याचं पान रिकामं, त्याचं ते.

रविवारी आमच्याकडे अशी गर्दी असायची की जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस खुर्चीची पाठ धरून उभा. ताक संपलं की ताट उचललं, टेबलावर फडकं मारलं, दुसरा बसला. कुणी जेवून गप्पा मारत बसला तर आमचे मालक गल्ल्यावरून विचारायचे, “आपला मुक्काम किती दिवस आहे?” मी कामाच्या वेळी कधी बसलो नाही आणि कधी एका जागी उभाही राहिलो नाही. सतत चालत असायचो. आजही मला पाच मिनिटं स्वस्थ राहता येत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलोय.

मालक वारले. मुलांनी जागा मोबाईलच्या दुकानाला दिली. त्याच महिन्यात इटालियन हॉटेलाच्या मॅडम मला शोधत आल्या. कॉलेजात असताना त्या आमच्या खानावळीत जेवायच्या. म्हणाल्या, “काका, पोरं ट्रेनिंग घेऊन येतात पण त्यांना चालता येत नाही. तुम्ही या.” मी म्हटलं, “मला इंग्रजी येत नाही.” त्या म्हणाल्या, “चालता येतं ना?” मी गेलो.

आता त्या हॉटेलाबद्दल. तिथे शिरलं की आधी गाणी कानावर आदळायची. मग उघडं किचन दिसायचं, गिऱ्हाइकाला आचारी दिसावा म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं. मधोमध लाकडाची भट्टी. टेबलांवर कापडाऐवजी पांढरा कागद पसरलेला आणि पेल्यात रंगीत खडू, म्हणजे जेवण येईपर्यंत मोठ्या माणसांनी चित्रं काढायची. एका टेबलावर वाढदिवस, दुसऱ्यावर परदेशातून आलेले कंपनीचे पाहुणे, तिसऱ्यावर कॉलेजची पोरं एका पिझ्झात चौघं. सगळे एकाच वेळी मोठ्याने बोलणार. आरडाओरडा मला आवडायचा, तो आमच्या खानावळीसारखाच होता. आचारी इटलीचा नव्हता, गढवालचा होता, नेगी नावाचा. दिल्लीच्या मोठ्या हॉटेलात एका इटालियन माणसाच्या हाताखाली शिकलेला. मराठीत त्याला ‘पटकन’ एवढाच शब्द कळायचा, तोही मी शिकवलेला.

मॅनेजर अनिकेत. पंचविशीतला, केटरिंग कॉलेजातून आलेला, मला काका म्हणायचा आणि माझ्याशी कायम हात जोडून बोलायचा, जसा काही मी नातेवाईक आहे आणि जायचं नाव घेत नाही. त्याने मला नियम सांगितले. गिऱ्हाइकाला एकदा विचारायचं, पुन्हा विचारायचं नाही. काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली असली, तर जेवण झालं, प्लेट उचलायची. इकडेतिकडे ठेवलेली असली तर हात लावायचा नाही. आणि काम नसेल तेव्हा भिंतीपाशी उभं राहायचं. स्थिर.

“स्थिर म्हणजे किती वेळ?” मी विचारलं.

“काम येईपर्यंत, काका.”

“आणि ते नाही आलं तर?”

त्याने हात जोडले.

हे उभं राहणं मला जमलं नाही, हे मी मान्य करतो. बाकी काही मान्य करत नाही. समोर माणसं बसलेली, प्लेटा रिकाम्या, ग्लासात घोटभर काहीतरी, आणि दोन-दोन तास उठायचं नाव नाही. माझे पाय आपोआप निघायचे. पहिल्याच महिन्यात तीन इंजिनिअर आले, आयटीवाले, गळ्यात ओळखपत्रं. जेवता जेवता टेबलाच्या कागदावर खडूने चौकोन आणि बाण काढत बसले. एकमेकांना समजावत होते, भांडत होते, पुन्हा चौकोन काढत होते. जेवण झालं, तिघंही हात धुवायला गेले. मी प्लेटा उचलल्या, कागद गोळा केला, नवीन अंथरला. परत येऊन बघतात तर टेबल कोरं.

“अहो, आमचं डिझाईन कुठाय?”

“कसलं डिझाईन? डाग पडलेला कागद होता.”

तिघं मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून उभे राहिले. मिळालं त्यांना, टोमॅटोच्या रसासकट. एक जण मला म्हणाला, “काका, दोन महिने अडलेलं काम आज त्यावर सुटलं होतं.” मी म्हटलं, “मग वहीवर करायचं.” तक्रार झालीच.

दुसरी तक्रार एका परदेशी जोडप्याची. नवराबायको म्हातारी, पुण्यात कुठल्याशा कारखान्याच्या कामाने आलेली, जवळच्या हॉटेलात उतरलेली. रोज संध्याकाळी यायची आणि एकमेकांकडे बघत बसायची. मी त्यांचे ग्लास तीन वेळा उचलायला गेलो. तिसऱ्यांदा बाईंनी ग्लासवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, खूश आहेत. जाताना त्यांनी अनिकेतला सांगितलं की तुमच्या या गृहस्थांना घाई असेल तर आम्ही दुसरीकडे जातो.

त्यावर मॅडमनी मला बोलावलं. मॅडम पक्क्या पुण्याच्या. रागावल्या की आवाज खाली जायचा आणि ‘तुम्ही’चं ‘आपण’ व्हायचं.

“काका, आपण लोकांना जेवायला घालता की पळवून लावता?”

“जेवण झाल्यावर बसून काय करायचं असतं, मॅडम?”

“बसायचंच असतं. त्याचेच पैसे घेतो आपण. आता आणखी एक तक्रार आली की हॉल बंद. मग मागे लसूण सोलायचा किंवा बाजारहाट. कळलं?”

कळलं. मागच्या कामाला मी कमी लेखत नाही, पण ते माझं काम नव्हतं. वाढप्याला लोकांसमोरून हलवणं म्हणजे गवंड्याच्या हातातून थापी काढून घेणं. घरी बायकोला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी भिंतीपाशी उभा राहायला लागलो. बुटात बोटं हलवत राहायचो, ती कुणाला दिसायची नाहीत. सहा-सात आठवडे माझी एकही तक्रार आली नाही.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, हॉल गच्च. बारा नंबरच्या लांब टेबलावर एक मोठी आयटी कंपनी. ही मंडळी दर महिन्याला परदेशी पाहुणे घेऊन यायची, आधी सांगून. त्यांच्यासाठी मॅडम स्वतः दारात उभ्या राहायच्या. आणि माझ्या पाच नंबरवर तिघं. मुलगा आयटीतला, नवीनच लागलेला असावा. सोबत आईवडील, वर्ध्याकडचे. मुलाची नोकरी आणि खोली बघायला आले होते, पहिल्यांदाच पुण्यात, आणि त्याच दुपारच्या गाडीने परत निघाले होते. सामान टेबलाखाली. वडील एसटीतून निवृत्त झालेले, असं त्यांनी मला बसता बसताच सांगितलं. धोतर नव्हतं की टोपी नव्हती, कडक इस्त्रीचा सफारी घातलेला होता. मुलाचा पाय टेबलाखाली माझ्यासारखाच हलत होता. घड्याळ बघायचा, किचनकडे बघायचा.

जेवण उशिरा आलं. बारा नंबरमुळे सगळं तुंबलेलं. शेवटी वडिलांपुढे स्पॅगेटी आली. त्यांनी काटा उचलला, थोडं गुंडाळलं, तोंडापर्यंत नेईस्तोवर सगळं खाली. पुन्हा केलं, पुन्हा खाली. मग त्यांनी निर्णय घेतला, तो मला लांबून दिसला. काटा आणि सुरी प्लेटमध्ये नीट शेजारी शेजारी ठेवली, व्यवस्थित माणूस होता तो, आणि उठले. हाताने जेवायचं ठरवलं होतं, म्हणून हात धुवायला गेले.

मी तेव्हा दुसऱ्या टेबलाचं पाणी भरत होतो. गर्दीमुळे अनिकेतही प्लेटा उचलत होता. तो पाच नंबरपाशी आला. मुलगा फोनवर गाडीची चौकशी करत होता, आई खिडकीबाहेर बघत होती. काटासुरी शेजारी शेजारी. अनिकेतने नियमाप्रमाणे भरलेली प्लेट उचलली आणि नेली.

गृहस्थ ओले हात झटकत परत आले. समोर कागद.

“माही प्लेट कुठं गेली?”

मुलगा फोन कानाला लावून नुसता बघत राहिला. मी धावत गेलो, पण प्लेट तोवर मागे रिकामीसुद्धा झाली होती. नेगीकडे गेलो. म्हटलं, “एक स्पॅगेटी, पटकन.” तो म्हणाला, “काका, आधा घंटा. पहले बारह नंबर.”

अर्ध्या तासात त्यांना स्टेशन गाठायचं होतं. मी टेबलापाशी येऊन सांगितलं. मुलगा लाल झाला. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू दे. पोट भरलं माहं.”

“बाबा, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही.”

“खाल्लं ना. नको मले.”

आता हा ‘नको’ कसला आहे, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा धुतलेला हात कागदावर तसाच उताणा पडला होता, पाणी ठिबकत. आई स्वतःच्या प्लेटमधलं त्यांच्याकडे सरकवत होती आणि ते परत तिच्याकडे सरकवत होते.

तेवढ्यात नेगीने घंटी मारली. बारा नंबरची परात तयार झाली होती. ते लोक सगळ्यांसाठी मिळून एकच मोठी परात मागवायचे, स्पॅगेटीचा डोंगर, वर टोमॅटोचा रस्सा आणि पानं. “ले जाओ काका, बारह,” नेगी म्हणाला. मी परात डाव्या हातावर घेतली, उजव्या हातात चिमटा. भट्टीपासून बारा नंबरला जायची वाट पाच नंबरवरून होती.

मी थांबायचं असं काही ठरवलं नव्हतं. पायच थांबले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून थांबले. टेबलाच्या कोपऱ्यावरची कोरी प्लेट ओढून त्या गृहस्थांपुढे ठेवली आणि चिमट्याने वाढलं. भरपूर वाढलं.

“अजी, नको नको,” ते म्हणाले आणि हात आडवा धरला. बोटं फाकलेली.

मी बोटांच्या बाजूने आणखी वाढलं. ते हाताने जेवायला लागले, भराभर, मान खाली घालून. मी मुलाला वाढलं, आईला वाढलं, पुन्हा वडिलांकडे आलो. “घ्या हो, लांबचा प्रवास आहे. एवढं तर घ्याच.” किती महिन्यांनी हे शब्द तोंडातून बाहेर पडत होते. त्यांनी वर बघितलं आणि हसले. तिसऱ्यांदा वाढायला गेलो तेव्हा आई माझ्यावर ओरडली.

“अवो, शुगर हाय त्यायले! इतका मैदा काहून वाढून राहिले तुम्ही? गाडीत काही झालं तं कोन पाहीन?”

ते मला माहीत नव्हतं. हातावरून भूक कळते, साखर कळत नाही. मी चिमटा मागे घेतला.

“जेऊ दे मले,” गृहस्थ तिला म्हणाले. “चार दिवस झाले पुण्यात. पहिल्यांदा कोनी आग्रह केला.”

“मरा मग खाऊन!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारची तीन टेबलं वळली. गाणी चालू होती तरी वळली.

उरलेली परात घेऊन मी बारा नंबरला गेलो. अर्धी उरली होती. ती मी टेबलाभोवती फिरून सगळ्यांना थोडी थोडी वाढली, परदेशी पाहुण्यांनाही. कुणी उपाशी राहिलं नाही. एका पाहुण्याने तर आणखी घेतलं. पण कंपनीच्या साहेबाने पाच नंबरवरचा सगळा प्रकार पाहिला होता. त्याने बोटाने मॅडमना बोलावलं.

मॅडम मला किचनच्या दारापाशी घेऊन गेल्या. आवाज अगदी खाली.

“आपण बारा नंबरची डिश पाच नंबरला वाढलीत?”

“पान रिकामं होतं, मॅडम.”

“ते पान नाही, काका. प्लेट आहे. आणि ती ज्याने मागवली त्याची आहे.”

“त्यांची गाडी चुकली असती.”

“माझं हॉटेल आहे. स्टेशन नाही.”

अनिकेत मागे उभा होता, हात जोडून, पण या वेळी बहुधा खरोखरचे. तो म्हणाला, “मॅडम, प्लेट मी उचलली होती.” मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या बोलत होत्या त्यात त्यांच्या बाजूने खोटं काही नव्हतं. त्यांचा धंदा ठरलेल्या वेळी येऊन ठरलेलं खाणाऱ्या माणसांवर चालला होता, माझा दुसऱ्याच कशावर.

“माफी मागा बारा नंबरची,” त्या म्हणाल्या. “तेवढं केलंत तर बघू.”

हे त्या मनापासून म्हणाल्या, हे मला कळत होतं. बारा नंबर दहा पावलांवर होता. इंग्रजीत एकच शब्द म्हणायचा होता आणि तो मला येत होता. व्हीआरएस घेऊन घरी बसलेल्या मंडळींचे चेहरे डोळ्यांपुढे आले, बायकोचा आला. पाय मात्र हलले नाहीत. बुटातली बोटंही न हलवता आयुष्यात एवढा वेळ मी एका जागी उभा राहिलो नव्हतो.

“अन्न वाढल्याची माफी मी मागणार नाही,” मी म्हणालो.

“मग उद्यापासून हॉलमध्ये येऊ नका. सकाळी मार्केट यार्डची खरेदी बघा. गणवेशाचा शर्ट जमा करा.”

पाच नंबरची मंडळी निघाली होती. मुलगा सामान उचलून पुढे, आई अजून बडबडत त्याच्यामागे. गृहस्थ दारातून परत माझ्याकडे आले. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि मी कळू दिलं नाही.

“वर्ध्याले या कधी,” ते म्हणाले. “बसवून जेऊ घालतो तुमाले.”

“मला बसता येत नाही,” मी म्हटलं.

ते हसले, त्यांना थट्टा वाटली. रिक्षा गेली. त्यांना गाडी मिळाली का, गाडीत त्यांना काही झालं का, मला आजही ठाऊक नाही. मुलगा नंतर कधी हॉटेलात दिसला नाही. हॉलमध्ये असतो तर कदाचित दिसला असता, विचारता आलं असतं. कधी कधी मी गॅलरीत उभा असतो तेव्हा ती बाई आठवते. तिचं ओरडणं बरोबर होतं. माझं वाढणंही बरोबर होतं. या दोन्हींचं मला अजून काही करता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, जमा करायला सांगितलेला हॉलचा पांढरा शर्टच घातला, वरच्या गुंडीपर्यंत लावला, आणि मार्केट यार्डात गेलो. हमालांना तेवढंच पाहिजे होतं. “ओ नवरदेव, वरात चुकली का?” एकाने विचारलं. “बाजूला व्हा, हळद लागंल!” दुसरा ओरडला, त्याच्या डोक्यावर फ्लॉवरचं पोतं. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. टोमॅटो एकेक हातात घेऊन बघितले, मऊ निघाले ते परत टाकले, चार गाळे पालथे घातल्यावर पाहिजे तसे मिळाले. टेम्पोत पेट्या चढवल्या आणि हॉटेलावर आलो. माल मागच्या दाराने न्यायचा असतो, तशी तिथे पाटी आहे. मॅडम हॉलमध्ये फुलं लावत होत्या, अनिकेत कागद अंथरत होता. मी पहिली पेटी खांद्यावर घेतली, पुढच्या दाराने आत शिरलो, टेबलांच्या मधून चालत किचनमध्ये नेऊन ठेवली, आणि त्याच वाटेने दुसरी आणायला गेलो.